एका घराचं एक मत

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे करायची असतात. आमच्याकडे हे काम शिरीषचं. ओव्हनवरचं, हॉलमधलं, गाडीतलं, असं एकेक घड्याळ तो मागे नेतो आणि दरवर्षी न चुकता म्हणतो, "बघ, एक तास फुकट मिळाला." आम्हाला लंडनजवळ पिनरला येऊन आठ वर्षं झाली, म्हणजे माझ्या वाट्याला असे आठ तास आले. त्यांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. सकाळ लांबते, ती कशीबशी पार पडते. दुपारी साडेचारला बाहेर अंधारून यायला लागतं, आणि मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत दिवे लावत फिरते.

यंदाही पानं तशीच गळतायत. स्टेशनपर्यंतच्या फुटपाथवर त्यांचा लगदा झालाय, चपटा, तपकिरी, निसरडा. ट्रेन उशिरा आली की स्पीकरवर सांगतात, रुळांवर पानं पडली आहेत म्हणून. पहिल्या वर्षी हे ऐकून मला हसू फुटलं होतं. एवढी लोखंडाची गाडी आणि पानांनी अडते? आता मी हसत नाही. मोठी कामं किती हलक्या वस्तूंनी अडतात ते मी याच ऋतूत पाहिलंय, दोन हजार चार साली. तेव्हापासून पानगळ आली की मला त्या वर्षाची पानगळ आठवते; मधल्या चार-पाच पानगळी कुठे गेल्या कोण जाणे.

या दिवसांत दारातून आणखी एक गोष्ट आत पडते, कौन्सिलचा मतदार नोंदणीचा फॉर्म. या पत्त्यावर कोण कोण राहतं त्यांची नावं लिहा, सही करा, पाठवा. पहिली काही वर्षं हा फॉर्म मी पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर सरळ रिसायकलिंगच्या डब्यात टाकत असे. आपण व्हिसावर आलेली माणसं, आपल्याला कसलं मत? शिरीषचंही तेच म्हणणं, आणि आमच्या ओळखीतल्या सगळ्यांचंच. व्हिसाच्या नियमांतलं कलम अन् कलम तोंडपाठ असलेली ही हुशार मंडळी, पण हा फॉर्म उलटा करून मागचं वाचायचं एकालाही सुचलं नव्हतं.

तो डब्यातून बाहेर काढला सुजाताने.

सुजाता नागपूरची. शहरातल्या एका बँकेत ती जोखमीचे अंदाज बांधायचं काम करायची आणि इल्फर्डला एका घरातली वरची खोली भाड्याने घेऊन एकटी राहायची. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "उमेदवार दाखवा, मग मतदान करते." आमची गाठ पडली ती मंडळाच्या शनिवारच्या मराठी शाळेत. मंडळ म्हणजे इथल्या मराठी माणसांचं, गणपती आणि दिवाळी करणारं, साठेक कुटुंबांचं. शाळेत ती मोठ्या मुलांना शिकवायची आणि मी बालवर्गाला, म्हणजे "माझा आई आला" म्हणणाऱ्या पिल्लांना. शाळा सुटली की ती माझ्याबरोबर घरी यायची, दोन वाजता जेवायची आणि पाच वाजेपर्यंत माझ्या ओट्याला टेकून बोलत उभी राहायची. खुर्ची दिली तरी बसायची नाही.

"मेधा, काय करून राहिली तू? हा फॉर्म फेकून राहिली?"

"अगं, आपण कुठे सिटिझन आहोत?"

"पासपोर्ट भारताचाच आहे ना? मग झालं. कॉमनवेल्थवाल्यांना मत आहे इथे. वाच ना, मागे लिहिलंय." चहाच्या चोथ्याने भिजलेला तो फॉर्म तिने ओट्यावर पसरला आणि हाताने सारखा केला. "इथल्या पार्लमेंटला चालतं तुझं मत. आपल्या मंडळाला तेवढं चालत नाही."

हे तिने हसत हसत सांगितलं, पण ते खरंच होतं. मंडळाच्या घटनेत पहिल्यापासून एक कलम होतं, एक कुटुंब एक मत, आणि ते द्यायचं कुटुंबप्रमुखाने. कुटुंबप्रमुख कोण हे लिहिलेलं नव्हतं, कारण ते लिहायची कुणाला गरजच वाटली नव्हती. सुजातासारख्या एकट्या माणसांसाठी वेगळं सभासदत्व होतं. त्यात गणपतीची आरती होती, दिवाळीचं जेवण होतं, मत नव्हतं. मी तीन वर्षं त्या मंडळात पुऱ्या लाटल्या, रांगोळ्या घातल्या, नाटकात सासू झाले, आणि माझ्या हे कधी लक्षातही आलं नाही. जे कधी लागलंच नाही ते नाही हे कळणार तरी कसं?

लागलं ते दोन हजार चारच्या उन्हाळ्यात. कमिटीने एका सभेत ठरवलं की शनिवारची सकाळ बॅडमिंटनला द्यायची आणि मराठी शाळा शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला भरवायची. आठवडाभर दमलेली पोरं शुक्रवारी संध्याकाळी बाराखडी शिकतील, हे ज्याला सुचलं त्याने घरात पोर कधी सांभाळलं नसणार. शाळेत शिकवणाऱ्या आम्ही पाचजणी. पाचही जणींना हा निर्णय ईमेलने कळला. सुजाताने ती ईमेल मला फोनवर वाचून दाखवली आणि म्हणाली, "बघ, नागपूरला माझी आई चौथी शिकली. अंगठ्याऐवजी सही करते याचाच तिला अभिमान. पण तिने आयुष्यात कधी मत मागितलं नाही. घटनेनं पहिल्याच दिवशी देऊन टाकलं होतं. आणि आपण दोघी इथे येऊन मागायचं?"

"मागू या," मी म्हणाले. असं मी म्हणेन हे मलाही माहीत नव्हतं.

तो सप्टेंबर, तो ऑक्टोबर. मला आठवतात ते वास आणि आवाज. ओल्या कोटांचा वास, कारण माझ्या पॅसेजमध्ये दर शनिवारी सात-आठ कोट टांगलेले असायचे. आल्याच्या चहाचा सतत चढलेला टोप. एजवेअरहून निमकरकाकू यायच्या, सत्तरीच्या, तीस वर्षांपूर्वी इथे आलेल्या, येताना स्टीलच्या डब्यातून काहीतरी खायला आणायच्या आणि आल्या आल्या म्हणायच्या, "आधी खा, मग क्रांती करा." आम्ही सगळ्या मिळून एक पत्र लिहिलं. प्रत्येक प्रौढ सभासदाला एक मत द्यावं, एवढंच. त्यावर चौतीस बायकांच्या सह्या घेतल्या. काही जणी सही करताना नवऱ्याचं आडनाव लिहायचं की माहेरचं यावर घुटमळल्या, एकीने तर दोन्ही लिहिली.

ते पत्र आठ दिवसांत परत आलं. अध्यक्ष दातारकाका अतिशय सभ्य माणूस. त्यांनी सोबत आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं की भावना पोचल्या, परंतु घटनादुरुस्तीची मागणी मतदार सभासदांनीच करावी लागते आणि या पत्रावर एकाही मतदाराची सही नाही. निमकरकाकूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे ज्याला जेवण मिळालंय त्यानेच भूक लागली म्हणून अर्ज करायचा," त्या म्हणाल्या आणि डबा उघडला. नमनालाच घडाभर तेल गेलं होतं.

घटनेप्रमाणे आता निदान वीस नवऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. त्या संध्याकाळी शिरीष ऑफिसमधून आला, मी पत्र त्याच्यासमोर ठेवलं, काही न बोलता ठेवलं. त्याने बूटही काढले नव्हते. कोटाच्या खिशातून पेन काढलं आणि म्हणाला, "पहिली सही माझी." मला तेव्हा जे वाटलं ते सांगायला हवं. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल होत नव्हतं, परक्या देशात आम्ही दोघं एकमेकांना जरा अंतर ठेवूनच वागवत होतो, जपून, पाहुण्यांसारखे. त्या सहीने ते सगळं अंतर एका क्षणात गेलं असं मला वाटलं. मी त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या ओल्या कोटाला डोकं टेकून उभी राहिले. इतकी सुखी मी या देशात त्याआधी नव्हते, नंतरही झाले नाही.

पहिली सही शिरीषची म्हटल्यावर बाकीच्या एकोणीस दहा दिवसांत झाल्या. मग खरं काम सुरू झालं. ठराव पास व्हायला दोन तृतीयांश मतं लागणार होती. मी वही केली, एका ओळीत एक घर. ज्याने हो म्हटलं त्यापुढे बरोबरची खूण, ज्याचं नक्की नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह. संध्याकाळी सात ते नऊ आम्ही फोन करायचो. फोन बहुतेक पुरुषच उचलायचे आणि आपण कशासाठी फोन केलाय हे सांगायच्या आत म्हणायचे, "थांबा हं, मिसेसना देतो." मिसेस यायच्या. सगळं ऐकून घ्यायच्या, खूप मनापासून हुंकार भरायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "मला पटतंय गं, पण यांना विचारून सांगते." मग आम्ही थेट नवऱ्यांनाच विचारायचो. सुजाताची एक पद्धत होती. ती प्रत्येकाला दोनदा विचारायची, आठवड्याच्या अंतराने. "पहिलं हो शिष्टाचाराचं असतं," ती म्हणायची. "दुसरं जरा खरं असतं."

शिरीषला मात्र तिने एकदाही विचारलं नाही. गरजच नव्हती.

माझ्या वहीत त्रेचाळीस खुणा झाल्या. सभेच्या आधीच्या शनिवारी आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसलो होतो आणि प्रश्न निघाला, मतदान कसं घ्यायचं. सुजाता म्हणाली, हात वर करून. "ज्याला नाही म्हणायचं आहे त्याने बायकोच्या देखत म्हणावं."

मी म्हणाले, नको. चिठ्ठ्या टाकून घेऊ. दातारकाकांनी इथे आलेल्या निम्म्या लोकांना पहिलं घर शोधून दिलंय, कुणाच्या नोकरीसाठी चार शब्द टाकलेत. त्यांच्या नजरेसमोर हात वर करायला माणसं संकोचतील. चिठ्ठी असली की मोकळेपणाने हो लिहितील. मला हे किती पटलं होतं म्हणून सांगू. मी पुरुषांच्या भिडस्तपणाची काळजी घेत होते, आणि कुणाला कसली भीड पडेल ते मला नीट कळतं अशी माझी समजूत होती. बाकीच्यांनाही पटलं. सुजाता माझ्याकडे बघत राहिली. "ठीक आहे," म्हणाली. "तुझा विश्वास आहे ना, मग चालेल."

सभा नेहमी दिवाळीच्या स्नेहमेळाव्याच्या दिवशीच व्हायची, जेवणाच्या बरोब्बर आधी. ही युक्ती जुन्या कमिटीची. पोटात कावळे ओरडत असले की माणसं फार प्रश्न विचारत नाहीत. पुरुष हॉलमध्ये खुर्च्यांवर बसायचे आणि बायका शेजारच्या स्वयंपाकघरात भात गरम करायच्या. मधल्या खिडकीतून भाषणांचे तुकडे ऐकू यायचे. त्या वर्षी आम्ही ठरवलं, बाहेर यायचं. शाळेचा हॉल होता, लाकडी जमिनीला पॉलिशचा वास येत होता. पैठण्या, वर कार्डिगन, पायात मोजे, अशा आम्ही तीस-पस्तीस जणी एकदम बाहेर आलो तेव्हा खुर्च्या कमी पडल्या. काही पुरुष उठून उभे राहिले, आपली खुर्ची देऊ केली. आम्ही बसलो. आत मसालेभात गार होत होता.

दातारकाका बोलले ते आवाज न चढवता. "भगिनींचं स्वागत आहे. पण एक विचार करा. आपलं मंडळ कुटुंबांचं आहे. एका घरात दोन मतं म्हणजे उद्या घरोघरी दोन पक्ष. परदेशात आपल्याला घराशिवाय दुसरं आहे काय?" यावर बऱ्याच माना हलल्या, त्यात बायकांच्याही होत्या. सुजाता मग उभी राहिली. तिला बोलायची परवानगी होती, मत द्यायची नव्हती. ती चार वाक्यं बोलली. शेवटचं मला आठवतं. "ज्या घरात दोन मतं असूच शकत नाहीत, तिथे एकजण गप्प आहे, एवढंच."

चिठ्ठ्या वाटल्या, एका घराला एक. शिरीष माझ्या शेजारी होता. त्याने चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली आणि लिहिताना डाव्या हाताचा आडोसा केला, परीक्षेत हुशार मुलं करतात तसा. गुप्त मतदान म्हणजे गुप्त मतदान. मी मान दुसरीकडे वळवली. माझीच कल्पना होती ती, तिचा मान मीच राखायला हवा होता.

सत्तावन्न चिठ्ठ्या. अडतीस लागणार होत्या. हो तीस, नाही सव्वीस, आणि एकावर कुणीतरी लिहिलं होतं, जेवण कधी?

ती चिठ्ठी वाचल्यावर हॉलमध्ये मोठा हशा झाला. त्या हशातच सभा संपली. कुणी आम्हाला टाकून बोललं नाही, कुणी जिंकल्याचा आव आणला नाही. "चला, जेवून घेऊ," कुणीतरी म्हणालं. आणि मग जे झालं ते आठवलं की अजूनही मी जिथे असेन तिथे थांबते. आम्ही उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. सगळ्या. सवयीने. कुणी ओव्हन लावला, कुणी कोशिंबिरीत दही घातलं, मी ताटल्या पुसायला घेतल्या. दहा मिनिटांनी मी खिडकीतून बाहेर बघितलं तर हॉलमध्ये एकटीच बसून राहिलेल्या सुजाताची खुर्ची रिकामी होती. ती न जेवता इल्फर्डला निघून गेली होती.

घरी जाताना गाडीत हीटर लावला होता, काचांवर बाष्प धरलं होतं. मी विचारलं, "तू हो दिलंस ना?"

"अर्थात," शिरीष म्हणाला. "हे काय विचारणं झालं?"

पुढच्या दोन दिवसांत सगळ्यांचे फोन आले. निमकरकाकूंचा आला, हॅरोच्या दोघींचा आला, पार इल्फर्डकडच्यांचा आला. प्रत्येकीने गाडीत बसल्या बसल्या हाच प्रश्न विचारला होता आणि प्रत्येकीला हेच उत्तर मिळालं होतं. आमच्या यांनी तर हो दिलं बाई, कुणी घात केला कोण जाणे. मी वही घेऊन बसले. खुणा त्रेचाळीस, मतं तीस. तेरा घरांमध्ये तेरा माणसं आपल्या बायकोशी खोटं बोलली होती, आणि तेरा जणी मला फोनवर सांगत होत्या की आमच्याकडचं मत हो होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करायची तरी कुणाकडे?

त्यानंतर भांडण असं कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं. झालं ते असं की एखादीच्या घरी चहाला गेलं तर तिचा नवरा बिस्किटांची बशी पुढे करायचा आणि मी मनात म्हणायचे, हा असेल का? आणि तीही शिरीषकडे तसंच बघत असणार. दुसरीचा नवरा खोटा असला तरच आपला खरा ठरणार होता. हा विचार एकदा डोक्यात शिरला की मैत्रिणीकडे सरळ बघता येत नाही. कोट टांगायला कुणी येईनासं झालं. शनिवारचा चहा मी आणि सुजाता, दोघींपुरता होऊ लागला.

सुजाता डिसेंबरमध्ये एका शनिवारी आली, ती शेवटची. ओट्याला टेकून उभी राहिली, कोट काढला नाही. शाळा शुक्रवारी गेल्यावर मुलं निम्मी झाली होती, त्याबद्दल बोलली. मग म्हणाली, "मेधा, शिरीषला एकदा नीट विचारशील?"

"विचारलं मी. त्याने हो दिलंय."

"सगळ्यांनीच हो दिलंय."

"तुला काय म्हणायचं आहे? पहिली सही त्याची होती."

"म्हणूनच म्हणते. आपण प्रत्येकाला दोनदा विचारलं. त्याला एकदाही नाही."

मला जो राग आला तो मला अजून जिभेवर आठवतो. मी म्हणाले, "नवऱ्यावर विश्वास ठेवणं म्हणजे काय ते तुला नाही कळायचं." हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा चहा उकळत होता. सुजाताने हात लांब करून गॅस बंद केला, ती कायम करायची तसं, माझा चहा नेहमी उतू जायचा म्हणून. आणि गेली. मी दारापर्यंतही गेले नाही.

तिच्यापुरतं बोलायचं तर एका मंडळातलं एक मत गेलं होतं, इतकंच. पण इथे एकट्या राहणाऱ्या बाईला आपली भाषा बोलायला दर आठवड्याला एक स्वयंपाकघर होतं, तेही गेलं. हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही. ईस्टरच्या सुमारास शाळा बंद झाली. पाठोपाठ कळलं की सुजाताने बदली मागून घेतली आणि ती कार्डिफला गेली. मला हे निमकरकाकूंनी सांगितलं, आणि न मागता तिचा नंबरही लिहून दिला. मी तो फ्रिजवर लावला, मग ड्रॉवरमध्ये ठेवला.

त्या मे महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा या देशात मत दिलं. शिरीष सकाळीच देऊन ऑफिसला गेला होता. मी दुपारी एकटीच गेले. प्राथमिक शाळेच्या वर्गात लाकडी आडोसे उभे केले होते, आत दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. टेबलाशी बसलेल्या बाईंनी यादीत माझ्या नावावर रेघ मारली, कुणाची कोण ते विचारलं नाही. एका खुणेला किती वेळ लागतो? मी आत बराच वेळ उभी राहिले. बाहेर आले तर लख्ख ऊन होतं आणि मला कुणालातरी सांगायचं होतं. स्टेशनपर्यंत चालत गेले, प्लॅटफॉर्मवर दोन गाड्या जाऊ दिल्या आणि घरी परत आले.

अशी पाच वर्षं गेली. आमचं बरं चाललं आहे असं कुणीही म्हणेल. शिरीष चांगला आहे. आजारपणात त्याने माझे पाय चेपलेत, माझ्या आईला दर रविवारी आठवणीने तो फोन लावतो. मी त्याला पुन्हा कधी विचारलं नाही. विश्वास होता म्हणून विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. विश्वास असता तर विचारायला इतकं काय लागत होतं?

परवा मंडळाची ईमेल आली. दातारकाका आता थकले, कमिटी नवी आहे, तरुण मुलामुलींची. सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत, पार्किंगच्या सूचनेखाली आणि फॅन्सी ड्रेसच्या वर, एक ओळ होती. यापुढे प्रत्येक प्रौढ सभासदाला एक मत. ज्याच्यासाठी आम्ही एक अख्खी पानगळ फोन करत होतो, ते असं एका ओळीत, चालता चालता केल्यासारखं. मी बाहेर गेले. शिरीष मागच्या बागेत लांब दांड्याच्या पंजाने पानं ओढत होता. मी ती ओळ त्याला वाचून दाखवली.

"होणार पास," तो म्हणाला. "कुणाचा विरोधच नाहीये. या वेळी मीसुद्धा हो देणार."

पंजा चालू होता, पानांचा ढीग वाढत होता. आपण काय बोललो ते त्याला कळलंही नव्हतं. मलाच थोडा वेळ लागला.

"या वेळी?" मी विचारलं.

पंजा थांबला. तो खाली पानांकडे बघत राहिला. "अगं, किती जुनी गोष्ट ती," म्हणाला. मग पंजात अडकलेली पानं सोडवत, "तू तेव्हा घरात असून नसायचीस. सारखे फोन, ती वही, ती सुजाता. सही केली तेव्हा मनापासून केली होती मी. पण त्या दिवशी चिठ्ठी हातात आली आणि वाटलं, एकदाचं संपू दे हे. तू परत येशील."

तो खरं बोलत होता. पाच वर्षांत इतकं खरं आम्ही दोघंही बोललो नव्हतो. मला राग यायला हवा होता, तो आला नाही. वाईट वाटलं ते एवढंच की मी परत आलेच नाही, आणि तेही त्याला इतकी वर्षं माहीत होतं.

मी घरात आले, ड्रॉवर उघडला आणि कार्डिफचा नंबर फिरवला. चौथ्या रिंगला तिने उचलला. मी नाव सांगितलं. ती "बोल" म्हणाली, आवाजात ना आनंद ना राग.

"सुजाता, शिरीषने नाही दिलं होतं."

ती म्हणाली, "मला ते ठाऊक होतं गं. त्याने काय दिलं ते मला जाणून घ्यायचंच नव्हतं. माझ्या शब्दाखातर तू त्याला पुन्हा विचारावंस, एवढंच हवं होतं."

"विचारलं असतं तरी तो खोटंच बोलला असता."

"बोलला असता. पण तू विचारलं असतंस ना."

मी तिला तिकडच्या हवेचं विचारलं, तिने सांगितलं. मग म्हणाली, तिला आता निघायचंय, सवडीने ती स्वतःच फोन करेल.

कधी, ते मी विचारलं नाही.